उभ्या गाडीचं डिझेल

ममता आडेच्या हातून गाडीची चावी जायची वेळ आली होती, ती आता टळली आहे. अशी टळली की घरात कोणी तो विषय पुन्हा काढत नाही, आणि काढलाच तर ममता नुसती हसते. पण त्या हसण्याआधी तिने अख्खा पावसाळा चिडचिडीत काढला होता.

नेरपासून थोडं आत एका तांड्यावर हे घर. ममता अंगणवाडी सेविका. तिचे वडील देवसिंग पांढरकवड्याकडे ट्रक चालवायचे आणि सुट्टीत लेकीला केबिनमध्ये बसवून न्यायचे, त्यामुळे चढाला इंजिनाचा आवाज कसा बदलतो ते तिला लहानपणीच कळत होतं. तरी पस्तिशीपर्यंत तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मग तिच्या नवऱ्याने, संजयने, घरच्या सगळ्यांना एकत्र हिंडता यावं म्हणून सात सीटची जुनी गाडी घेतली आणि स्वतः मात्र लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला मोटरसायकलनेच जात राहिला. गाडी दारात उभी. आणि घरात सासू सोनीबाई, दोन्ही गुडघे गेलेल्या, एसटीची पायरी चढता येत नाही म्हणून खाटेवर बसून.

शेवटी ममतानेच नेरला जाऊन गाडी शिकून घेतली. डोक्यावर पदर घेऊन तिने पहिल्यांदा तांड्यातून गाडी बाहेर काढली, तेव्हा चार म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. पाचवी मात्र हुशार. ती म्हणाली, "मले दवाखान्यात नेशीन काय वो?"

सोनीबाईंचं तर त्या दिवसापासून नशीबच फिरलं. त्यांच्या बहिणी-भाच्या जिल्हाभरच्या तांड्यांवर पांगलेल्या, आणि त्यातली सगळ्यात लाडकी लालीबाई पांढरकवड्याच्याही पुढे. एसटीने जाणं बंद झाल्यापासून दोघींची भेट नव्हती. आता महिन्यातला एक रविवार ठरलेला असायचा. पुढे सासरे हिरासिंग, मधे सोनीबाई, मागे दोन्ही लेकरं, आणि स्टिअरिंगवर ममता. जाता-येता तीन-चार घरं व्हायची. सोनीबाई परत यायच्या त्या वर्षा-दोन वर्षांनी लहान होऊनच.

आडवं आलं ते डिझेल. विकणाऱ्याने पंधराचा अॅव्हरेज सांगितला होता. एका रविवारनंतर संजयने टाकी फुल करून हिशेब केला, तर दहाच्या थोडासा वर.

"तुह्या पायात वजन हाये," तो म्हणाला. "गाडी तिसऱ्यातच रेटत असशीन. बाईमाणसाचं कामच नाही हे."

"मी चौथ्याच्या खाली येतच नाही, घाट सोडला तं," ममता म्हणाली.

"मंग डिझेल काय उडून जाते? दिवाळीपर्यंत पाहू. नाही तं देऊन टाकू गाडी. याडीले भाड्याची करून देऊ."

याडी म्हणजे आई. पण भाड्याची गाडी किती वेळा होणार, हे घरातल्या लेकरांनाही ठाऊक होतं. सोनीबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या ना लेकाला काही बोलल्या, ना सुनेला. ममताला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणंच जास्त लागलं. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा करायचा, त्यांनी एक शब्द बोलू नये? असं तिच्या मनात येई, आणि आलं की ती भांडी जरा जोरात आपटे.

मग ती डिझेलच्या मागे हात धुऊन लागली. चाकांतली हवा तपासली, कमीच होती. एअर फिल्टर झटकला, त्यातून अर्धं शेत निघालं. टपावरचं कॅरिअर रिकामं असूनही वारा अडवतं, असं कुणीतरी सांगितलं म्हणून तेही उतरवलं. डिक्कीतून तिने एक जुनी मोटर, दोन कुदळी आणि सासऱ्यांनी "असू दे" म्हणून ठेवलेलं अर्धं पोतं सिमेंट काढलं. सिमेंटचा दगड झाला होता. क्लचवर पाय ठेवायचा नाही, गाडी साठच्या आसपास ठेवायची, ब्रेक दाबावाच लागू नये अशी लांबूनच सोडून द्यायची. हे सगळं करून ती यवतमाळला मीटिंगला जाऊन आली, तर अॅव्हरेज पंधराच्या वर. आणि पुढच्या रविवारी पुन्हा अकरा. रस्ता तोच, पाय तोच. गाडीला रविवार कळतो की काय, असं तिला वाटायला लागलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा संजय म्हणाला, "या टायमाले मी चालवतो. पाहा कसा निघते अॅव्हरेज."

आणि चालवली त्याने. अशी चालवली की मागून येणारे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे गेले. हिरासिंग वाटेत दोनदा झोपून उठले. ममता मागच्या सीटवर लेकरांमध्ये बसली होती. खोटं कशाला सांगा, मनातून ती घाबरलेली होती. याने पंधरा काढला तर संपलंच.

आता इथे एक रीत सांगायला हवी. गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायका भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात. वर्षभराचं सुखदुःख त्या रडण्यात गात गात सांगतात. निघताना पुन्हा तेच, आणि निघतानाचं रडणं लांबतं. पुरुष तोवर ताटकळतात. हिरासिंगांनी त्यावर स्वतःची एक युक्ती काढली होती. जेवणं झाली की ते गाडीत जाऊन बसायचे आणि गाडी सुरू करायला लावायचे. सुरू गाडी दिसली की बायका आवरतात, असा त्यांचा ठाम समज. काचा वर, एसी चालू. इतके महिने ममताही चालवणारी म्हणून आत त्यांच्या शेजारीच बसून राहायची.

त्या दिवशी स्टिअरिंगवर संजय होता, म्हणून ती बाहेर होती. लालीबाईच्या अंगणात दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. गाडी घरघरत होती. इंजिनाचा आवाज ऐकून सोनीबाईंना आता खरंच निघायचं आहे असं वाटलं, आणि त्यांनी आणखी एक सूर वर लावला. ममता गाडीपाशी आली तर एसीच्या पाण्याचं खाली थारोळं साचलेलं, आणि लालीबाईच्या कोंबड्या त्यातलं पाणी निवांत पीत होत्या. आधीच्या प्रत्येक घरी गाडी अशीच उभी होती, हे तिला आठवलं. ती तिथेच थांबली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

यवतमाळच्या पंपावर टाकी भरेपर्यंत तिने दम धरला. संजयने मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा केला.

"किती?" ममताने विचारलं.

"साडेनऊ," तो पुटपुटला. "टाकीलेच भोक असंन."

"भोक नाही. गाडी उभ्या उभ्या पेऊन राह्यली. चार घरी तुमी अन् मामाजी एसी लावून बसले, तवा गाडी एक इंचभर तरी सरकली काय?"

संजयने बापाकडे पाहिलं. हिरासिंग खिडकीबाहेर पंपावरची पाटी फार लक्ष देऊन वाचायला लागले. आणि मग संजयला हसू फुटलं. गाडी विकायची त्यालाही हौस नव्हती. इतके दिवस ताणून धरलेले खांदे त्याने सैल सोडले. खाली उतरून त्याने चावी ममताच्या हातात दिली आणि मागे लेकरांमध्ये जाऊन बसला. तिला इतकं हलकं वाटलं की पंपावरून निघताना तिने विनाकारण हॉर्न वाजवला.

भाऊबीज झाल्यावर पुन्हा लालीबाईकडे जाणं झालं. निघायच्या वेळी हिरासिंग सवयीने पुढे येऊन बसले. "सुरू कर वो. नाही तं बाया यायच्या नाहीत."

"सुरू करूनही कुठं येतात, मामाजी?" ममता म्हणाली. तिने काचा खाली केल्या आणि चावी काढून मुठीत धरली.

अंगण एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत सोनीबाईंचा आवाज गाडीत सरळ आला. आजवर काचेआडून, घरघरीतून तो नुसता सूर म्हणून यायचा. आता शब्द लागत होते. बहिणीच्या गळ्यात पडून त्या आपल्या बोलीत सांगत होत्या: बहिणी, माझे पाय गेले, मला वाटलं तुझं तोंड आता दिसत नाही. माझ्या सुनेने मला तुझ्या दारी आणलं. घरात तिला बोलतात, मी गप्प बसते, लेकापुढे माझी जीभ उचलत नाही. म्हणून तुला सांगते. मागच्या वेळी सांगितलं, त्याच्या आधीही सांगितलं. ती लेक आहे माझी, बहिणी, पोटच्या लेकीहून जास्त आहे.

मागच्या सीटवर संजय मान खाली घालून बसला होता. ममताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. महिनोन् महिने सासू या अंगणात तिची बाजू घेत होती, आणि ती हातभर अंतरावर काचा लावून बसली होती.

बऱ्याच वेळाने सोनीबाई गुडघे सांभाळत गाडीपाशी आल्या. "लई उशीर झाला वो बाई," त्या ओशाळून म्हणाल्या. "चाल, कर सुरू."

"हू द्या उशीर, याडी," ममता म्हणाली. "अजून काही सांगाचं राह्यलं असंन, तं सांगून या."