गणपतीच्या गालावरचे चट्टे

भिंगारच्या रंगाच्या दुकानदाराने मला फसवले. सीलरच्या डब्यात त्याने थिनर ओतून झाकण पुन्हा बसवले होते आणि अस्सल माल म्हणून तो मला विकला.

मी देव्हारे करतो. दुसऱ्याच्या कारखान्यात भुसा झाडण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचा कारखाना आहे. मला फसवणारा अजून जन्मायचाय, असे मी चारचौघांत सांगत असे. हल्ली सांगत नाही.

मुलीच्या सासरी, पुणतांब्याला, नवे घर झाले. वास्तुशांतीला देव्हारा माझ्याकडून, हे मीच भर बैठकीत बोलून बसलो. लाकूड पाईनचे घेतले. कोरायला मऊ, उचलायला हलके. पण रंग प्यायला लहरी. देव्हाऱ्याच्या माथ्यावरच्या गणपतीचा गाल, सोंडेचे वळण, कानाची कड कोरताना लाकडाचे तंतू आडवे कापले जातात. त्या जागा रंग ढसाढसा पितात आणि काळे चट्टे पडतात. म्हणून आधी लाकडाची तहान भागवणाऱ्या सीलरचा हात द्यायचा, वाळला की बारीक पॉलिश पेपर मारायचा, मग रंग. तोही आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून बघायचा.

तुकडा माझ्याकडे नव्हता. देव्हाऱ्याचे लाकूड पायाखाली येऊ द्यायचे नाही, ही आमच्या कारखान्याची रीत. उरलेले सगळे तुकडे मी होमासाठी आधीच पुणतांब्याला पाठवले होते. डब्यावर विसंबून सीलरचा हात दिला.

रंगाचा फडका फिरवला आणि बघता बघता गणपतीचा एक गाल काळवंडला. पॉलिश पेपरने घासत बसलो, पण रंग आत उतरला होता. आणखी घासले असते तर सोंडेची कड गेली असती. टेम्पो दारात उभा होता. वरून लाख पॉलिश मारले, तर चट्टे उलट जास्तच उठून दिसले.

पुणतांब्याला विहीणबाईंनी देव्हारा बराच वेळ निरखला.

"भाऊ, गनपतीला वांग आल्यात का वं?"

बायका पदराआड हसल्या. व्याह्यांनी सांभाळून घेतले. "आगं, पाव्हन्यांची घाई झाली आसंल. हार जरा मोठा घाल, झाकून जाईल."

मुलगी नैवेद्याचे ताट घेऊन उभी होती. आपले वडील करतात तसे कोरीवकाम जिल्ह्यात कुणी करत नाही, असे तिने गल्लीभर सांगून ठेवले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ताट खाली ठेवले, झेंडूचा हार घातला आणि गणपतीच्या गालावर ओढून घेतला. एरवी एवढ्या बोलण्यावर मी पंगतीतून उठलो असतो. त्या दिवशी खाली मान घालून जेवलो.

परत येताच उरलेला सीलर ओतून पाहिला, तर पाण्यासारखा पातळ, निम्मे थिनरच. तडक दुकान गाठले. आवाज चढवला, रस्त्यावर माणसे थांबली. दुकानदार शांतपणे गल्ला पुसत होता.

"शेठ, किती घासाघीस केली तुमी, आठवतंय का? तीनदा पायरी उतरून परत आलात. त्या भावात आसाच माल येतो."

"मग तसं सांगायचं."

"तुमी भाव इचारला. माल कुठं इचारला?"

 हाच सौदा मी कारीगरांना मिशीवर ताव देत ऐकवला होता. थांबलेल्या माणसांमधून वाट काढत निघालो.

आता सीलरऐवजी चपडी लाख मी स्वतः स्पिरिटमध्ये पातळ भिजवतो, तिचा हात दिल्याशिवाय पाईनला रंग लावत नाही. एक तुकडा देवाच्या नावाने वर कोनाड्यात ठेवतो, आधी त्यावर रंग बघतो. पण पुणतांब्याच्या देव्हाऱ्याला याचा काही उपयोग नाही. एकदा देव बसले की देव्हारा हलवत नाहीत. मुलगी रोज मोठा हार करते.

घासाघीस माझी, ती मी नाकारत नाही. पण झाकणाखाली थिनर मी घातले नाही. त्या दुकानदाराने पुणतांब्याला यावे, स्वतःच्या हाताने हार बाजूला सारावा आणि हे कुणी केले ते माझ्या मुलीला, तिच्या सासूसमोर, सांगावे.