गप्प राहायचा हक्क

जुन्नरच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली एक टायपिस्ट बसतो. सगळीकडे कॉम्प्युटर आले, त्याचं जुनं मशीन अजून खडखडतंय. बोटं खाली आणि नजर वर, हलणाऱ्या पानांत.

वाटणीच्या दाव्यात माझ्या बहिणीनं अर्ज त्याच्याकडूनच टाइप करून घेतला होता. त्याला उत्तर टाइप करून घ्यायला मी निमगाव साव्याहून त्याच्याकडेच गेलो आणि आधी विचारलं, "माझ्याबद्दल काय काय बोलली ती?"

तो मंद हसला. "वकिलाला गप राहायचा हक्क कायद्यानं दिलाय, भाऊ. मला कुणी दिला न्हाई. मी आपला घेतलाय."

मला राग आला. त्या रागातच मी सांगत गेलो, तो टाइप करत गेला. "तिनं पुन्हा माहेरचा उंबरा चढू नये," असंही बोलून गेलो आणि माझंच तोंड कडू झालं. "हे नको," मी पुटपुटलो. त्यानं कागद ओढला, कार्बनसकट चुरगाळून शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकला आणि नवा चढवून पुन्हा पानांकडे बघू लागला. निळसर धूर हळूहळू चिंचेत शिरला.

बहीण अजून भाऊबीजेला येते. ती ओवाळत असते आणि मला तो धूर दिसत राहतो. तिचंही एखादं वाक्य त्या शेगडीत गेलं असेल का?