अपशब्दाला पाच धावा

“शेवटची ओव्हर चायनाला दे रे,” माझ्या मागे मंडपात कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी स्कोअरबुकातून मान वर काढली नाही.

चायना म्हणजे मनोज. आसाममधल्या धेमाजीचा, चाकणला आमच्या कंपनीत तीन वर्षं असेंब्ली लाइनवर. मनोज हे नाव घ्यायला कुणाची जीभ अडखळेल असं नाही. पण लाइनवर आधीच एक मनोज होता, साताऱ्याचा, म्हणून याला दुसरं नाव पडलं, असं मला सांगण्यात आलं. साताऱ्याच्या मनोजला मात्र कुणी सातारा म्हणत नाही.

पप्पा, मी उदगीर सोडलं त्या सकाळी तुमची अख्खी जुनी टीम स्टँडवर आली होती, आठवतं? पन्नाशीतली माणसं आणि अजून एकमेकांना टकल्या, बोबड्या म्हणणारी. काळ्याकाकांनी माझी बॅग उचलली तर कुणीतरी ओरडलं, “काळ्या, सावलीत थांब की, अजून किती भाजतूस!” सगळे हसले, काका सगळ्यांत मोठ्यानं. एसटी सुटताना तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, “लोकांचं मनाला लावून घ्यायचं न्हाई. ग्राउंडवरचं ग्राउंडवर सोडायचं.”

मी ते पाळलं. तसंही बोलणं मला कधी जमलंच नाही. इंग्रजी शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला की वर्गाबाहेर उभं करायचे. तेव्हापासून कुठल्याही भाषेत तोंड उघडण्याआधी मी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. तोवर विषय पुढे गेलेला असतो. तळेगावात खोली, चाकणला एचआरमध्ये नोकरी, कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा. गप्प राहणाऱ्या मुलीला इथे ‘सिन्सिअर’ म्हणतात.

म्हणूनच कंपनीच्या टूर्नामेंटचे नियम टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. कमिटीचे प्रमुख मोरे सर, क्वालिटी डिपार्टमेंटचे. अपशब्द वापरला तर समोरच्या टीमला पाच धावा आणि दंडाचा कागद खेळाडूच्या एचआर फाइलला, असा नियम त्यांनी सांगितला. अपशब्द म्हणजे नेमकं काय, मी विचारलं. “अगं, आई-बहीण काढली की दंड. बाकी सगळं चालतं, क्रिकेट आहे.” रंग, गाव, चेहरा यांवरून चिडवणं, अशी आणखी एक ओळ मी टाइप केली होती. पाठवायच्या आधी खोडली. कुणी सांगितलं नव्हतं. मीच खोडली.

त्याच आठवड्यात बसमध्ये मनोजनं मला विचारलं होतं, “मॅडम, ये ‘च्यायला’ गाली है क्या?” मी म्हणाले, “नहीं, कुछ नहीं उसमें. सब बोलते हैं.” त्यानं तो शब्द हळूच दोनदा म्हणून बघितला. नवा शब्द वापरण्याआधी तो दर वेळी कुणाला तरी अर्थ विचारतो. ‘चायना’ ऐकून तुला काय वाटतं, हे तीन वर्षांत त्याला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

मध्ये एकदा मी फोनवर तुम्हाला विचारलं, काळ्याकाकांना वाईट वाटायचं का हो? तुम्ही म्हणालात, “त्याला काय वाटायलंय? आपलाच माणूस.” पप्पा, त्यांचं नाव सुधाकर आहे, हे मला अकरावीत कळलं, त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून. आता उदगीरला येताना त्यांना सुधाकरकाका म्हणावं असं एसटीत ठरवते. दारात ते दिसले की नुसतंच “काका” म्हणते. माझं घर आता असं झालंय. तिथे जायची ओढ आहे, आणि तिथलं हसणं कानाला टोचतं.

तर त्या रविवारी सेमीफायनल होती. माइक मोरे सरांकडे. सकाळी माइक बंद पडला तेव्हा “च्यायला, याला आत्ताच काय झालं” हे त्यांचं वाक्य तेवढ्यात चालू झालेल्या माइकवरून सगळ्या मैदानानं ऐकलं. मग दिवसभर मनोजच्या हातात बॉल आला की, “चायना माल आहे, गॅरंटी नाही!” दर वेळी हशा. मनोजही हसायचा. त्याचं हसू मी जवळून बघत होते. ते फक्त ओठांचं होतं.

शेवटच्या ओव्हरला समोरच्या टीमला नऊ हव्या होत्या. मनोजच्या पहिल्याच बॉलवर सोपा कॅच उडाला आणि लाँगऑनला सुटला. मनोजनं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, “च्यायला!”

समोरचा कॅप्टन राहुल, डिस्पॅचचा, धावतच मंडपात आला. “सर, आई काढली याने! पाच रन द्या.”

“राव, च्यायलाला कोण शिवी म्हणतं?” कुणीतरी हसत म्हणालं.

“‘च्या’ आणि ‘आयला’, काढ ना अर्थ! नियम तुमचाच आहे भावा.”

मोरे सरांनी माझ्याकडे वळून माइकवरच सांगितलं, “नियम म्हणजे नियम. मॅडम, पाच लिहा. चायनाचा कागद उद्या फाइलला लावा.”

मनोज कॉन्ट्रॅक्टवर आहे. पुढच्या महिन्यात त्याचं रिन्यूअल माझ्याच टेबलावरून जाणार, फाइलसकट. तो पिचवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. मॅडमनीच सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. तो ते म्हणाला नाही.

मी पेन खाली ठेवलं. वाक्य मनात म्हणून बघायला थांबले असते तर याही वेळी राहून गेलं असतं.

“मी हे लिहिणार नाही, सर. त्या शब्दात काही नाही, असं त्याला मीच सांगितलंय. दंड लावायचाच असेल तर सकाळपासून या माइकवरून जे बोललं गेलं, त्याला आधी लावू. आणि कागद फाइलला जाणारच असेल तर त्यावर पहिलं नाव तुमचं असेल, आणि दुसरं माझं, कारण मी इथे बसून सगळं ऐकत होते.”