नळांच्या सौद्याची पंगत

माझ्या चुलत दिरांइतका भांडणाला घाबरणारा माणूस अख्ख्या दुबईत सापडणार नाही, आणि पोटासाठी त्यांनी धंदा निवडला तो चिनी कारखानदार आणि युरोपियन गिऱ्हाईक यांच्यामधल्या दलालीचा. माल न्हाणीघरातल्या नळांचा. जर्मन गिऱ्हाईक "नो" म्हणालं की भाऊजी पलीकडे सांगत, "ही इज थिंकिंग." चिनी मालकीणबाई फोन आपटत, तर भाऊजी इकडे सांगत, "नेटवर्क." आमच्या कुकरची शिट्टी जोरात झाली तरी सॉरी म्हणणारा माणूस. मीटिंगला हॉटेलातलं टेबल त्यांना चालत नसे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमधला सोफा पॅसेजमध्ये ढकलून ते दोन्ही पार्ट्यांना भिंतीलगत एका रांगेत पाटावर बसवत, स्वतः मधे, आणि वाढायला मी. "वहिनी, पंगतीत कुणी कुणाच्या समोर नसतं. भांडायचं तर मान वळवावी लागते, तेवढ्यात तुम्ही आमटी वाढा." पहिल्या खेपेला जर्मनाला मांडी घालता येईना; त्याचे पाय थेट टीव्हीच्या स्टँडखाली गेले. मालकीणबाईंनी आमटीची वाटी तोंडाला लावली, ते तिरक्या नजरेनं बघून त्यानंही लावली. मठ्ठ्यापर्यंत सौदा पक्का. मला हा शुद्ध वेडेपणा वाटे, पण तो वर्षानुवर्षं चालला.

यंदा युरोपनं चिनी नळांवर जादा कर बसवला. तो कुणी सोसायचा, यावरून दोघं हटून बसले. सौदा मोडला तर भाऊजींचं धंद्याचं लायसन्स रिन्यू होणार नव्हतं, म्हणजे व्हिसाही खलास. त्यांनी दोघांना पुन्हा जेवायला बोलावलं.

"येणार नाहीत, भाऊजी," मी स्पष्टच सांगितलं.

"इन्शाल्ला येतील. तुम्ही चिंच बेतानं घाला. मागच्या वेळी मालकीणबाईंनी डोळे मिटले होते."

पानं मांडून झाल्यावर दोघांचे मेसेज आले. एकाला माल नको होता, दुसरीला द्यायचा नव्हता. भाऊजींनी दोन्ही मेसेज मोठ्यानं वाचले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातला एकही शब्द मऊ केला नाही.

मग म्हणाले, "वाढा. गार होतंय."

मी जर्मनाच्या पाटावर बसले, माझा नवरा मालकीणबाईंच्या. भाऊजी नेहमीसारखे मधे. आमटीत मीठ कमी होतं. पंगतीत समोर कुणी नसतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मान वळवता आली असती. मी भात कालवत राहिले.