हेड म्हणजे डोकं

माणसं पांगली की मागे किस्से साचतात. नागपूरच्या सरकारी कचेरीतले माझ्याकडे असे पुष्कळ साचलेत. ऐकणारा भेटला की मी सुटतो!

आमचे हेडक्लार्क गोविंदराव. पन्नाशी उलटलेली. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सगळी कचेरी त्यांना नुसतं 'हेड' म्हणायची.

*

एकदा हेड तापानं पडले. किसन शिपाई धावत डॉक्टरकडे. "हेडले लय त्रास होऊन राहिला जी, लवकर औषध द्या!"

डॉक्टरनं कपाळाला चोळायचा बाम दिला. हेडनी तो तीन दिवस इमानानं चोळला!

"अहो, ताप आला होता ना तुम्हाला?" मी विचारलं.

म्हणाले, "असू दे गा. कोणी घेऊन तर आलं!"

*

किसननं एकदा विचारलं, "मोठ्या माणसाले हेड काहून म्हणतात जी?"

हेड खुलले. शब्दांची मुळं उकरायचा त्यांना भारी नाद. "इंग्रजीत मोठा माणूस म्हणजे डोकं. आपल्यात मुख्य. मुख्य कशावरून? मुखावरून! त्यांचा साहेब डोकं, आपला साहेब तोंड!"

"म्हणूनच आपले साहेब दिवसभर वरडून राहतात!" किसन म्हणाला.

साहेब दारातच उभे!

*

शिरगणतीवाला त्यांच्या घरी गेला. "हेड ऑफ द फॅमिली कोण?"

"मी."

"आणि फॅमिली?"

"ती नाही. हेड आहे, तेवढं लिहून घ्या!"

हे सांगताना आमच्यापेक्षा तेच जास्त हसले.

*

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली. फायली ट्रकमध्ये चढत होत्या. हेड म्हणाले, "कॅपिटल शब्दही लॅटिनमधल्या डोक्यावरूनच आला बरं का!"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. आम्ही सगळे मुंबईला निघालो, किसनसुद्धा. हेडच्या रिटायरमेंटला वर्षच उरलं होतं. त्यांना उरलेल्या कागदांपाशी ठेवलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात रजेवर आलो, तो थेट कचेरीत गेलो. एवढ्या मोठ्या खोलीत हेड एकटेच. लगबगीनं उठले, माझी जुनी खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली. "बस गा, बस."

मग जुनं मस्टर काढलं आणि खणखणीत आवाजात माझं नाव पुकारलं.

"हजर!" मी म्हणालो.

त्यांनी खूण केली. पुढचं नाव पुकारलं. दाराकडे पाहत थोडं थांबले.

मग त्याच्या पुढचं.