चाखलं, पिलं न्हवं

तोंडात घोट घेतला की आप्पा आधी डोळे मिटायचे. मग डावा हात शर्टावरून छातीपाशी जायचा आणि गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर टेकायचा. गाल जरा इकडं, जरा तिकडं हलायचे. मग समोरच्या स्टीलच्या वाटीत घोट थुंकायचे, पंच्यानं तोंड पुसायचे आणि आम्हाला बजावायचे, "चाखलं. पिलं न्हवं."

दर रविवारी दुपारी हेच. अहो, आम्ही तिघं काय पोलीस होतो? पण ते आम्हाला सांगतच नव्हते. लहानपणी वडलांच्या दारूनं घराची पार धूळधाण झाली, तेव्हा आईनं याच डबीवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं, दारू पोटात जाणार नाही. आप्पांनी तो शब्द अक्षरशः पाळला. पोटात जाणार नाही म्हणजे पोटात नाही. तोंडाचं आई काही बोलली नव्हती.

माझा छापखाना होता, शाहूपुरीत. खिळे जुळवून छापायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तो धंदा मरायला टेकला होता आणि मीही फार ताजातवाना नव्हतो. आठवडाभर शाई, खिळे, लोकांची घाई. रविवारी पुढचं शटर अर्धं खाली ओढायचं, मागच्या खोलीतल्या टेबलावरची प्रूफं बाजूला सारायची आणि बादलीत बर्फ टाकायचा, एवढीच काय ती हौस. येणारे तिघं. एक शिवाजी पेठेतला, पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा वायंडिंगवाला. एक बंगळूरच्या खासगी बसवरचा ड्रायव्हर. आणि आप्पा.

बिअर ड्रायव्हर आणायचा. दुकानातली नव्हे. बंगळूरला त्याचा एक दोस्त बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता आणि घरी हौसेनं तऱ्हेतऱ्हेच्या बिअर बनवायचा. काळी, गढूळ, गव्हाची. त्या जुन्या बाटल्यांतून भरून, ओल्या पोत्यात गुंडाळून ड्रायव्हरच्या शिटाखालून कोल्हापूरला यायच्या. एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा ग्लास. कुणाला चढायचा प्रश्नच नव्हता, वैताग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आप्पांनी नियम केला होता, "चांगली न् वाईट म्हणायचं न्हाय. काय लागली ते सांगायचं." आणि मी ते वहीत लिहायचं.

आता सांगा, आम्हाला काय सांगता येणार? वायंडिंगवाला दिवसभर वॉर्निशात हात बुडवून बसलेला. त्याला प्रत्येक बिअर वॉर्निश लागायची. ड्रायव्हर प्रत्येक घोटाला "झकास!" म्हणायचा. झकास म्हणेल त्यानं ग्लास विसळायचे असं ठरलं, त्यामुळं सगळी वर्षं त्यानंच विसळले. मी दमलेला माणूस, मला थंड लागली तरी पुष्कळ वाटायचं.

आणि मग आप्पा. काळी बिअर चाखून म्हणाले, "हुरडा भाजताना एखादं कणीस निखाऱ्यात राहतंय बघ. ते." आम्ही पुन्हा घोट घेतला, आणि खरंच की हो, करपलेलं कणीस! गव्हाची आली तेव्हा बराच वेळ डोळे मिटून बसले. "केळं. साल काळी पडल्यालं." वायंडिंगवाला म्हणाला, "आयला, आप्पा म्हंत्यात तवाच लागतंय. आदी कुटं जातंय काय म्हाईत!"

त्यात नवल नव्हतं, कारण आप्पांचं पोटच जिभेवर होतं. गुजरातच्या एका पेढीसाठी ते गूळ पारखायचे. सकाळी मार्केट यार्डात सौदे निघाले की गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, सुरीचं टोक लावायचं, चिमूटभर खडा जिभेवर घ्यायचा, थुंकायचं आणि मान हलवायची. उभी हलली की माल घेतला. आडवी हलली की पडला, पेढी घ्यायची नाही. एकदा एका मुसलमान शेतकऱ्याला म्हणाले, "काहील धुतली न्हाईस." तो त्या रस उकळायच्या कढईवरून हाताची घडी घालून तावातावानं भांडला आणि शेवटी हसत म्हणाला, "पोरास्नी सांगिटलं हुतं धुवा म्हणून." खायला मिळतं तेवढं सगळं गिळलं असतं तर आप्पांना कधीच मधुमेह झाला असता. थुंकायची सवय तिथली. रविवारी ती आमच्याकडं यायची एवढंच.

मग एका पावसाळ्यात आप्पा महिनाभर तापानं झोपले. उठून आले ते निम्मे होऊन. पुन्हा टेबलावर बसले, डोळे मिटले, डबीवर हात ठेवला. पण आता आधी बोलेनात. "तुमी सांगा आदी. मी हायच की." आम्ही काहीतरी सांगितलं की म्हणायचे, "व्हय, तसंच." मला वाटलं, अशक्तपणा असेल. खरं सांगायचं तर मी लक्षच दिलं नाही. स्वतःच्या कटकटी कमी होत्या का?

थंडीत एका रविवारी ड्रायव्हर बाटल्यांऐवजी मोठा थर्मास घेऊन आला. दोस्ताकडच्या बाटल्या संपल्या होत्या. बेळगावाजवळ थर्मासाचं बूच उडून मागच्या पॅसेंजरच्या मांडीवर पडलं म्हणे. दारातच तो आप्पांना म्हणाला, "ह्यात मध हाय आन् संत्र्याची साल. खास तुमच्यासाठी दिलीया त्यानं."

ग्लास भरले. आप्पांनी घोट घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी आधी बोलले. "मध. वर वर न्हाय, तळाला. आन् सुटताना संत्र्याची साल. कवळी."

मी वहीत लिहिलं. मग घोट घेतला आणि थेट मोरीकडं पळालो. बिअर पार नासली होती. नुसतं व्हिनेगर. ड्रायव्हर खोकायला लागला. वायंडिंगवाला हसत सुटला, "आप्पा, आंबून घाण झालीया की वो! मध कुटला?"

मग त्याचं हसू थांबलं. आप्पांचा हात डबीवर तसाच होता.

"कदीपास्नं?" त्यानं हळू विचारलं.

"तापापास्नं. पाच म्हैनं झालं. साखर खाल्ली तर वाळू. चटणी खाल्ली तर नुसती आग. वास बी न्हाय."

"आन् सौद्यात?"

"रंग बघतो. खडा बोटानं चोळतो. शेजारचा काय म्हंतोय तिकडं कान ठेवतो." आप्पा टेबलाकडं बघत बोलत होते. "मंगळवारी कोडोलीच्या एकाचा माल पाडला. काळपट हुता. रंग उजळायची पावडर न घातल्याला गूळ काळपटच असतोय, म्या चाळीस वर्सं हेच सांगत आलो. पर चव लागंना. भ्यालो आन् मान हलवली. त्यो भांडला बी न्हाय. आप्पा म्हंत्यात म्हंजे आसंल, म्हणाला."

वायंडिंगवाला म्हणाला, "आमी कुटं बोलतोय? गप ऱ्हावा." मीही म्हणालो, "आप्पा, दोन महिने राहिले सीझनचे. काढा तेवढे." दमलेला माणूस दुसऱ्यालाही तेच सांगतो, काढा तेवढे. आज मला त्या वाक्याची लाज वाटते. आप्पा वाटी विसळून निघून गेले.

मंगळवारी प्रूफ दाखवायचं निमित्त काढून मी यार्डात गेलो. कोडोलीचा माणूस पुन्हा माल घेऊन आला होता, तसलाच काळपट. आप्पांनी सुरी काढली, रव्याला लावली, आणि खडा तोंडात न घालता सुरीच शेजारच्या पारख्यापुढं धरली.

"तू चाख. माझी जीभ गेलीया. मागल्या मंगळवारी ह्येचा माल म्या न कळताच पाडला. ह्येची काय चूक न्हवती."

एवढ्या मोठ्यानं बोलले की दोन दुकानं पलीकडचा सौदा थांबला. शेजारच्यानं खडा चाखला आणि मान उभी हलवली. कोडोलीचा माणूस पुढं झाला. मग आप्पांचा दंड धरून म्हणाला, "चला, चा घिऊ."

"चव लागत न्हाय रं मला."

"गरम तर लागंल की!"

दोघं चहाला गेले. पेढीची नोकरी त्याच दिवशी सुटली.

पुढच्या रविवारी आप्पा आले. वायंडिंगवाल्यानं आवर्जून त्यांचा ग्लास आधी भरला. आप्पांनी तो उचलला, उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"आता न्हाय जमायचं."

"का? थुंकायचं की न्हेमीसारकं!"

"चाखता येत हुतं तवर ते चाखणं हुतं. आता तोंडात घेटलं की ते पिणंच की." त्यांनी डबी मुठीत धरली. "आईला काय सांगू?"

आम्ही तिघांनी डोकं लढवून पाहिलं. मग वायंडिंगवाल्यानं तो ग्लास आपल्याकडं ओढला.

त्यानंतर आप्पा आत कधी आले नाहीत. पण रविवारी देवळातून परतताना छापखान्याच्या पायरीवर थांबायचे, अर्ध्या शटरखालून वाकून विचारायचे, "काय लागली?" आणि मग हो आमची खरी फजिती. चांगली म्हणायची सोय नाही. झकास म्हणायची तर नाहीच. तिघं डोळे मिटून, घोट तोंडात घोळवत बसायचो आणि तो माणूस बाहेर उन्हात ताटकळत. "कडू," मी म्हणालो तर विचारायचे, "कशासारकं कडू? मेथी का कारलं?" पुन्हा घोट. "मेथी." "हां," म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की त्यांनाच लागली असावी. अशी चार-पाच वर्षं गेली. वायंडिंगवाल्याच्या तोंडातलं वॉर्निशसुद्धा गेलं. माझा कंटाळा त्या अर्ध्या तासापुरता सुटायचा, हे मी त्यांना कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आप्पा गेले ते झोपेतच. दिवसकार्यानंतरच्या रविवारी आम्ही सवयीनं जमलो. वायंडिंगवाल्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ गाल इकडं तिकडं हलत राहिले. मग तो एकदम खुलला, खुर्चीतच वळला आणि शटरकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, गुऱ्हाळ! काहिलीवर फेसासारकी पयली मळी येती, ती काढत्यात न्हवं का, त्यो वास!"

पायरीवर नुसतं ऊन होतं. ड्रायव्हर उठला आणि न सांगता ग्लास विसळायला लागला. मी वही ओढली आणि लिहिलं, गुऱ्हाळ, पहिली मळी.