टाकीच्या चित्राची झेरॉक्स

माझे शिक्षण आठवीत थांबले. तहसील कचेरीबाहेर लिहिलेले माझे अर्ज मात्र सहसा थांबत नाहीत. म्हणूनच सोनईकडची एक तरुण इंजिनिअरबाई माझ्याकडे आली. नमस्कार न करताच खुर्ची ओढून बसली, तेव्हाच ती माझ्या मनातून उतरली.

तिच्या गावी पाण्याच्या उंच टाकीखाली अंगणवाडी भरत असे. टाकीचा खांब तडकला होता; मुले तिथून हलवावीत, एवढीच मागणी. पुराव्यासाठी तिने संगणकावर टाकीची बारीक त्रिकोणांची जाळी केली होती. हिशेबाने निघालेला ताण जाळीच्या बाहेरच्या अंगावर रंगांनी दाखवला होता. गडद निळा म्हणजे निर्धोक, मधला पिवळा, गडद तांबडा म्हणजे धोका. खांब टाकीला भिडतो तिथे तांबडे कडे होते.

"आतले काय?" मी विचारले.

"आतलं गणितात हाय, काका. दिसतं ते वरचं. तुमी अर्ज लिवा."

मूळ कागद कचेरीत द्यायचा नाही, तो हरवतो, हा आमच्या धंद्याचा दंडक. मी झेरॉक्स जोडली.

तहसीलदार साहेबांनी झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. "खांब काळा, टाकीचं पोटही काळं. धोका नेमका कुठंय?" अर्ज परत आला.

बाहेर येताच ती म्हणाली, "झेरॉक्सात तांबडं आन् निळं सारखंच काळं येतं. एवढंही कळत न्हाई?"

"बाई, या कचेरीत रंग पोचत नाहीत, हे कॉलेजात शिकवले नाही वाटते."

"रंगीत प्रत द्यायची."

"आणि ती हरवल्यावर? मुले काय तुमच्या लॅपटॉपवर बसवणार?"

ती मला अडाणी म्हणाली. मी तिला उद्धट. मग मी बजावले, रंग काढून टाका. सारख्या ताणाच्या रेषा ओढा, प्रत्येकीवर आकडा घाला, नकाशात डोंगराच्या उंचीला घालतात तसा.

"मला येतं ते. सांगू नका."

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद माझ्या टेबलावर अक्षरशः फेकला. खांबाच्या गळ्याशी रेषांची दाटी झाली होती, आणि सर्वांत मोठे आकडेही तिथेच होते. झेरॉक्स स्वच्छ निघाली. साहेबांनी त्या दाटीवर बोट ठेवले. "याच्याखाली पोरं बसतात?" त्यांनी मुले समाजमंदिरात हलवण्याच्या आदेशावर तिथेच सही केली.

"रेषा माझ्या व्हत्या, काका," आदेश पर्समध्ये घालत ती म्हणाली.

"अर्ज माझा होता."

ती तडक एसटीकडे गेली. मुले समाजमंदिरात बसू लागल्याचे मला तिच्याकडून नव्हे, तिच्या गावच्या दुसऱ्याच अर्जदाराकडून कळले.